बर्लिनहून प्राग: एकट्याने, रेल्वेने, शुक्रवार संध्याकाळ ते रविवार रात्र

जर्मनीत शिकणाऱ्या किंवा नोकरी करणाऱ्या मराठी माणसाच्या पहिल्या एकट्याच्या सहलीसाठी चेकियाची राजधानी असलेल्या प्रागइतकं सोयीचं ठिकाण क्वचितच सापडेल. बर्लिनहून थेट गाडी आहे, सव्वाचार-साडेचार तासांत पोचवते, ड्रेस्डेनहून तर सव्वादोन-अडीच तासच लागतात. बहुतेक वेळा दर दोन तासांनी गाडी असते. चलन वेगळं, भाषा वेगळी, तरी शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या, आतलंच शहर. मात्र दोन दिवसांत काय कधी बंद असतं हे न पाहता गेलात, तर शनिवारी एका दारावरून आणि रविवारी दुसऱ्या दारावरून परत यावं लागेल. त्यामुळे हा लेख बराचसा वेळापत्रकाबद्दलच आहे.

आधी कागदपत्रं

भारतीय पासपोर्ट आणि जर्मनीचं वैध निवास परवान्याचं कार्ड, दोन्ही मूळ प्रती बरोबर हव्यात. या कार्डावर इतर शेंगेन देशांत १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत राहता येतं, वेगळा व्हिसा लागत नाही. फोनमधला फोटो किंवा झेरॉक्स हा पर्याय नव्हे. जर्मनीने सप्टेंबर २०२४पासून आपल्या सगळ्या भूसीमांवर तपासणी सुरू केली, आणि परतीच्या गाडीत पोलीस डब्यात चढून कागद मागतात. जाताना कोणी विचारलं नाही म्हणून येतानाही विचारणार नाही, असं धरून चालू नका.

कार्डाची मुदत संपली आहे आणि हातात फक्त नूतनीकरणाचा तात्पुरता कागद आहे, अशा स्थितीत परदेशी नागरिक कार्यालयाला लेखी विचारल्याशिवाय सीमा ओलांडू नये. हे कागद वेगवेगळ्या कलमांखाली दिले जातात आणि सगळ्यांवर बाहेर जाऊन परत येता येतंच असं नाही. हॉटेलचे पैसे भरून झाल्यावर हे कळण्यात काही अर्थ नाही.

जर्मन सरकारी आरोग्य विमा असेल, तर कार्डाची मागची बाजू पाहा. तिथेच युरोपीय आरोग्य कार्ड छापलेलं असतं आणि तातडीच्या उपचारांसाठी ते चेकियात चालतं. खासगी विमावाल्यांनी पॉलिसीत परदेशाचं कलम वाचून घ्यावं.

तिकीट: आधी परतीचं

बहुतेक जण जाण्याचं तिकीट आधी काढतात. उलट करा. रविवारी दुपारनंतर प्रागहून निघणाऱ्या गाड्यांना सगळ्यात जास्त गर्दी असते आणि स्वस्त तिकिटं तिथेच आधी संपतात. परतीची गाडी पक्की झाली की मग शुक्रवारची पाहा. परतताना त्या दिवसाची शेवटची थेट गाडी घेऊ नका, तिच्या आधीची घ्या. शेवटची रद्द झाली तर सोमवारी सकाळची मीटिंग प्रागच्या फलाटावरून करावी लागेल.

एकच गाडी दोन दुकानांत विकली जाते: डॉइचे बान या जर्मन रेल्वेच्या ॲपवर आणि चेक रेल्वेच्या संकेतस्थळावर. दर बहुतेक वेळा वेगळे असतात आणि चेक बाजूला अनेकदा कमी. दोन्हीकडे तीच तारीख, तीच गाडी टाकून पाहायला पाच मिनिटं लागतात. चेक संकेतस्थळावर दर कोरुना या चेक चलनात दिसतो. एका युरोला साधारण २४ ते २५ कोरुना, हा हिशेब डोक्यात ठेवा.

डॉइचे बानच्या तिकिटांत तीन पायऱ्या असतात. सुपर स्पारप्राइस सगळ्यात स्वस्त, पण रद्द करता येत नाही आणि त्याच गाडीला बांधलेलं असतं. स्पारप्राइसही गाडीला बांधलेलं, पण शुल्क कापून रद्द करता येतं. फ्लेक्सप्राइसवर कुठलीही गाडी पकडता येते, त्याला किंमतही तशीच. शनिवार-रविवारच्या ठरलेल्या सहलीसाठी पहिलं पुरतं. बानकार्ड हे जर्मन रेल्वेचं सवलतीचं कार्ड असेल तर सवलत लावायला विसरू नका, आणि लावलीत तर कार्ड बरोबर ठेवा. तिकीट नावावर असतं, तेव्हा ओळखपत्रही लागतं.

डॉइचलांडटिकेट हा जर्मनीभरचा मासिक पास या थेट गाडीत चालत नाही. तो फक्त स्थानिक गाड्यांसाठी आहे. ड्रेस्डेनमध्ये राहणारे एस-१ या लोकल गाडीने सीमेजवळच्या बाड शांडाऊपर्यंत त्यावर जातात आणि पुढचं तेवढं तिकीट चेक रेल्वेकडून काढतात, पैसे वाचतात. पण दोन वेगळी तिकिटं म्हणजे मधली गाडी चुकली तर जबाबदारी तुमची. हानोव्हर किंवा लाइपझिगहून येणाऱ्यांनाही हेच लागू: संपूर्ण प्रवास एकाच तिकिटावर काढा, म्हणजे पहिल्या गाडीच्या उशिरामुळे दुसरी हुकली तर पुढच्या गाडीने जाण्याचा हक्क राहतो.

आसन आरक्षण सक्तीचं नाही. शुक्रवारी संध्याकाळी आणि रविवारी मात्र करा, नाहीतर ड्रेस्डेनपर्यंत दाराजवळ बॅगेवर बसून जाण्याची तयारी ठेवा.

म्युनिकवाल्यांसाठी एवढंच: तिथूनही रेगेन्सबुर्ग आणि प्लझेनमार्गे थेट गाडी आहे, पण साडेपाच-सहा तास लागतात. शुक्रवारी दुपारीच निघता येत असेल तरच करा.

गाडीत

ॲपवर जर्मन ‘प्राग हाउप्टबानहोफ’ दिसतं, प्रागमधल्या पाट्यांवर चेक ‘प्राहा ह्लाव्नी नाद्राझी’. दोन्ही एकच मुख्य स्टेशन. बर्लिनच्या फलकावर शेवटचं ठिकाण बुडापेस्ट किंवा भलतंच एखादं शहर असू शकतं, कारण काही गाड्या प्रागच्या पुढे जातात. गाडीचा क्रमांक जुळवा, शहराचं नाव नव्हे. त्यातही प्रागमध्ये आधी होलेशोविट्से हे स्टेशन येतं आणि नवखी मंडळी हमखास तिथे घाईने उतरतात. तुमचं हॉटेल त्या भागात असेल तर उत्तम, नसेल तर बसून राहा. चुकून उतरलात तरी फार बिघडत नाही, खाली मेट्रोची सी लाइन आहे आणि ती मुख्य स्टेशनलाच नेते.

ड्रेस्डेन सोडल्यावर रूळ एल्बे नदीच्या डाव्या काठाने धावतात. प्रागकडे जाताना नदी डाव्या खिडकीत असते. पिर्ना गेलं की पलीकडच्या काठावर वालुकाश्माचे उभे सुळके सुरू होतात, रातेनजवळ बास्टायचे खडक नदीपासून सुमारे १९४ मीटर उंच आहेत. कोनिगश्टाइनचा किल्ला मात्र आपल्याच काठावर, उजवीकडे डोंगरमाथ्यावर, आणि गाडी त्याच्या पायथ्यालाच असल्यामुळे नीट दिसत नाही. जरा पुढे गेल्यावर मागे वळून पाहावा लागतो. सीमा ओलांडून द्येचीन, उस्ती, पुढेही बराच वेळ नदीची सोबत असते. ऑक्टोबरनंतर शुक्रवारी संध्याकाळी या साऱ्यावर अंधारच असतो. तेव्हा हा देखावा परतीसाठी राखून ठेवा, दिवसाउजेडीची गाडी आणि उजवीकडची खिडकी घ्या.

चेक भोजनयानात ताटलीत गरम जेवण मिळतं आणि जर्मन गाडीच्या मानाने ते परवडतं. आरक्षण नसेल आणि बसायला जागा नसेल, तर जेवायला तिथे जाऊन बसणं हा सभ्य मार्ग आहे.

युरोपातलं रोमिंग जर्मन सिमवर चालतं, वेगळं सिम नको. भारतातून आणलेली तीन गोल पिनांची प्लग मात्र प्रागच्या सॉकेटमध्ये जात नाही, कारण तिथल्या सॉकेटला दोनच भोकं असतात आणि एक पिन बाहेर आलेली असते. जर्मनीत घेतलेला चार्जर सहसा बसतो.

उतरल्यावर पहिला अर्धा तास

फलाट वर, मोठं दालन त्याच्या खाली आणि मेट्रो आणखी खाली. रात्री पोचलात तर स्टेशनसमोरच्या बागेतून बॅग ओढत चालत जाऊ नका, सरळ मेट्रो घ्या. मेट्रोच्या तीनच लाइन आहेत: ए हिरवी, बी पिवळी, सी लाल. स्टेशन सीवर आहे. एक स्टॉप पुढे मुझेउम, तिथे ए मिळते. दुसऱ्या बाजूला एक स्टॉप फ्लोरेन्त्स, तिथे बी.

मेट्रोच्या दारात फाटकं नाहीत, त्यामुळे तिकीट लागत नाही असं वाटू शकतं. कागदी तिकीट काढल्यावर आत जाण्याआधी पिवळ्या यंत्रात घालून त्यावर वेळ छापून घ्यावी लागते, आणि ती एकदाच. छाप नसलेलं तिकीट म्हणजे विनातिकीट. तपासनीस साध्या कपड्यांत असतात, बिल्ला दाखवतात, आणि ‘पर्यटक आहे, माहीत नव्हतं’ हे त्यांनी रोज ऐकलेलं असतं. प्रागच्या वाहतुकीच्या लीताच्का ॲपवर तिकीट घेतलं तर ते सुरू केल्यावर लागू व्हायला एक-दोन मिनिटं जातात. ट्राममध्ये चढून मग ॲप उघडणं म्हणूनच धोक्याचं. ट्राममधल्या यंत्रावर बँकेचं कार्ड टेकवून घेतलेलं तिकीट मात्र तिथल्या तिथे लागू होतं, ते पुन्हा छापायचं नसतं.

कुठलं तिकीट घ्यायचं? ७२ तासांचा पास अशा सहलीत बराचसा वाया जातो. शुक्रवारी रात्री हॉटेलपर्यंत ३० मिनिटांचं, शनिवारी सकाळी २४ तासांचं, रविवारी गरजेनुसार सुटं. २४ तास छापल्या क्षणापासून मोजतात, तारखेने नव्हे, तेव्हा ते शनिवारी बाहेर पडतानाच छापा. मेट्रो साधारण मध्यरात्रीपर्यंत असते. नंतर ९१ ते ९९ क्रमांकाच्या रात्रीच्या ट्राम, ज्या सगळ्या लाझार्स्काला एकत्र येतात.

राहायला जुन्या चौकाच्या आसपास जागा घेण्याचा मोह टाळा. तिथे महागही पडतं आणि रात्री दोनपर्यंत खिडकीखाली आरडाओरडा चालतो. विनोह्राडी किंवा कार्लीन बघा, मेट्रोपासून पाच मिनिटांत. एकटी मुलगी रात्री पोचणार असेल, तर तिने रात्रीचा स्वागतकक्ष उघडा असलेलंच हॉटेल किंवा हॉस्टेल घ्यावं. कोडने उघडणारी पेटी आणि त्यात ठेवलेली किल्ली हा प्रकार दिवसा ठीक. पासपोर्टची नोंद करतात, तो तिथला नियम आहे. शहराचा रात्रीमागे छोटा कर बऱ्याचदा वेगळा द्यावा लागतो.

पैसे, आणि ते कुठे जातात

जवळजवळ सगळीकडे कार्ड चालतं. स्वच्छतागृहं, आठवडी बाजार, एखादा जुना बार, यांसाठी हजारएक कोरुना रोख पुरे. ते बँकेच्या एटीएममधून काढा. पर्यटकी गल्ल्यांत दुकानांच्या दारात उभी असलेली, कुठल्याच बँकेची नसलेली यंत्रं वाईट दर लावतात. कुठलंही यंत्र किंवा दुकान ‘युरोत घ्यायचं की कोरुनात’ विचारेल, तेव्हा कायम कोरुना. युरो निवडलं की त्यांचा दर लागतो, आणि काही टक्के हकनाक जातात.

रस्त्यात कोणी नोटा बदलून देतो म्हणाला तर थांबूही नका. चेकियाच्या नोटांऐवजी दुसऱ्या देशाच्या किंवा बाद झालेल्या नोटा हातात ठेवणं ही तिथली जुनी लबाडी आहे. दुकानात बदलून घेतले आणि नंतर दर पाहून पोटात गोळा आला, तर एक उपाय आहे: १००० युरोपर्यंतचा असा व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करण्याचा हक्क २०१९पासून कायद्याने दिला आहे. पावती जपून ठेवा.

टॅक्सी ॲपवरूनच बोलवा. खिसेकापू २२ नंबरच्या ट्राममध्ये, चार्ल्स पुलावर आणि जुन्या चौकातल्या घड्याळाखालच्या गर्दीत असतात. पासपोर्ट आणि निवास कार्ड एकाच पाकिटात ठेवू नका.

शनिवार: किल्ला आजच

कारण साधं आहे. प्रागच्या किल्ल्यातलं सेंट व्हिटस कॅथेड्रल रविवारी प्रार्थनेमुळे दुपारी १२ वाजता पर्यटकांसाठी उघडतं, आणि ज्यू संग्रहालय शनिवारी बंद असतं. शनिवारी किल्ला, रविवारी ज्यू वस्ती. उलट केलंत तर दोन्हीकडे फजिती.

सातच्या सुमारास बाहेर पडा. आधी चार्ल्स पूल. १३५७ साली पायाभरणी झालेला, ५१६ मीटर लांबीचा, दोन्ही कठड्यांवर मिळून ३० पुतळे. सकाळी साडेसातला पुतळ्यांचे चेहरे नीट बघता येतात, अकराला समोरच्याची पाठ. पूल ओलांडून मालोस्त्रान्स्का स्टॉपवर या आणि २२ नंबरची ट्राम पकडून ‘प्राझ्स्की ह्राद’, म्हणजे प्रागचा किल्ला, या स्टॉपला उतरा. पायऱ्या चढून जाणारे अर्धी ताकद तिथेच घालवतात. वर ट्रामने जा, पायऱ्या उतरायला वापरा.

किल्ल्याचं आवार फुकट आहे, पहाटे सहापासून खुलं. इमारती ९ वाजता उघडतात. एप्रिल ते ऑक्टोबर संध्याकाळी ५ला, हिवाळ्यात ४ला बंद होतात. बॅगा तपासण्याची रांग लागू शकते, तेव्हा पावणेनऊला दारात असा, मोठी पाठपिशवी न घेता. मुख्य तिकिटात कॅथेड्रल, जुना राजवाडा, सेंट जॉर्जचं चर्च आणि सोनेरी गल्ली येते, आणि ते दोन दिवस चालतं. आत शिरल्यावर आधी कॅथेड्रल करा, दहानंतर तिथे रेटारेटी होते. १३४४ साली सुरू झालेलं हे बांधकाम १९२९ साली पुरं झालं. पश्चिमेकडचा, म्हणजे तुम्ही आत शिरता तो, भाग नवा आहे. जुन्या राजवाड्यात ती खिडकी दाखवतात जिथून १६१८ साली सम्राटाच्या प्रतिनिधींना खाली फेकलं, आणि त्यातून तीस वर्षांचं युद्ध पेटलं. सोनेरी गल्लीतल्या २२ नंबरच्या निळ्या घरात लेखक काफ्का काही महिने लिहीत बसायचा. गल्ली अगदी चिंचोळी आहे, दुपारी तिथे पाऊल टाकायला जागा नसते. इमारती बंद झाल्यावर गल्लीतून फुकट चालता येतं, पण घरं तेव्हा बंद असतात.

दुपारी खाली उतरून जेवा आणि पायांना तासभर विश्रांती द्या. जुन्या चौकातलं खगोलीय घड्याळ १४१०चं आहे. दर तासाला, सकाळी ९ ते रात्री ११, खिडक्यांतून येशूच्या बारा प्रेषितांच्या मूर्ती फिरतात. खेळ मिनिटभराचा, गर्दी वीस मिनिटं आधीपासूनची. खरं पाहण्यासारखं तासाच्या खेळापेक्षा तबकडीत आहे: सूर्य, चंद्र, राशी. ते सव्वापाचलाही निवांत दिसतं. संध्याकाळी लेत्नाच्या टेकडीवर जा. जिथे १९५५ ते १९६२ स्टालिनचा अवाढव्य पुतळा होता त्या चौथऱ्यावर आता एक लंबक हलतो, आणि खाली व्हल्तावा नदीवरचे पूल ओळीने दिसतात.

खाणं

गोमांस किंवा डुकराचं मांस टाळणाऱ्यांनी पाट्यांवरचे तीन शब्द लक्षात ठेवावेत: ‘होव्येझी’ गाईचं, ‘वेप्रशोवे’ डुकराचं, ‘कुर्झेत्सी’ कोंबडीचं. फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर करून खात्री करा. प्रसिद्ध ‘स्वीच्कोवा’ हे गोमांसच. शाकाहाऱ्याला सगळीकडे मिळणारी गोष्ट म्हणजे तळलेलं चीज, ‘स्माझेनी सीर’, बटाट्यांसोबत. पण त्याच्या आवरणात अंडं असतं आणि सोबतच्या सॉसमध्येही. भाज्यांचं सूप म्हणून जे येतं त्याचा रस्सा मांसाचा असू शकतो, विचारून घ्या. वरण-भाताची आठवण आलीच, तर ‘ढाबा ब्यास’ नावाची शाकाहारी उपाहारगृहं शहरात आहेत, तिथे ताटाचं वजन करून पैसे घेतात. भात कमी आणि भाजी जास्त वाढून घेतली तर पैसे वसूल.

टेबलावर न मागता ठेवलेली पावाची टोपली फुकट नसते. धुराड्यासारखा गुंडाळलेला गोड त्रदेल्निक जागोजागी ‘प्राचीन परंपरा’ म्हणून विकतात. गोड आहे, गरम आहे, पण प्रागशी त्याचं नातं पर्यटकांपुरतंच. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, बाटली बरोबर ठेवा.

रविवार

खोली सोडा, बॅग हॉटेलातच ठेवायला सांगा किंवा स्टेशनच्या लॉकरमध्ये टाका. ज्यू संग्रहालय ९ला उघडतं. एकाच तिकिटात अनेक सिनेगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनास्थळं, आहेत. सुरुवात पिंकास सिनेगॉगने करा, कारण जुन्या दफनभूमीत तिथूनच जातात. भिंतींवर नाझी काळात मारल्या गेलेल्या बोहेमिया-मोराविया भागातल्या सुमारे ८०,००० ज्यूंची नावं हाताने लिहिलेली आहेत. आडनाव लाल, नावं आणि तारखा काळ्या. वेळ घ्या, अर्ध्या तासात उरकू नका.

तिथून वेळ उरला तर मेट्रो सीने विशेह्राद. जुनी तटबंदी, नदीवरचा कडा, द्वोर्झाक आणि स्मेताना या संगीतकारांच्या समाध्या, आणि किल्ल्याच्या मानाने एक दशांश गर्दी. महत्त्वाचं म्हणजे हे स्टेशनच्याच लाइनवर आहे, तीन स्टॉप. पाऊस असेल तर हे सोडून द्या.

निघण्याआधी दूध-पाव प्रागमध्येच घ्या. तिथे रविवारी किराणा दुकानं उघडी असतात आणि जर्मनीत पोचाल तेव्हा जवळजवळ सगळं बंद असेल. ठरावीक सणांना, उदाहरणार्थ २८ सप्टेंबर आणि २८ ऑक्टोबरला, मोठी दुकानं तिथेही बंद.

स्टेशनवर अर्धा तास आधी पोचा. फलकावर ‘ओद्येझ्दी’ म्हणजे सुटणाऱ्या गाड्या, ‘प्रशीयेझ्दी’ येणाऱ्या. ‘झ्पोझ्द्येनी’ या रकान्यात उशिराची मिनिटं. फलाट शेवटच्या काही मिनिटांतच लागतो, तेव्हा दालनात फलकाखाली थांबा. गाडी बुडापेस्टहून येत असेल तर उशीर आधीच गोळा झालेला असतो.

उशीर झालाच, तर फलकाचा फोटो काढा. युरोपीय नियमाप्रमाणे पोचायला ६० मिनिटं किंवा जास्त उशीर झाला की भाड्याच्या २५ टक्के, १२० मिनिटं किंवा जास्त झाला की ५० टक्के परत मागता येतात. अर्ज तीन महिन्यांच्या आत करायचा. गाडीच रद्द झाली तर आधी तिकीट खिडकीवर जाऊन पुढच्या गाडीसाठी तिकिटावर शिक्का घ्या, मग फोन काढा. थेट गाडी उरली नसेल तर द्येचीनपर्यंत चेक गाडी, तिथून स्थानिक गाडीने बाड शांडाऊ आणि पुढे एस-१ने ड्रेस्डेन, हा मार्ग पाहा. पण द्येचीनहून सीमेपार जाणारी शेवटची गाडी कधीची, हे प्राग सोडण्याआधी ॲपवर बघा. तीही गेली असेल तर मेट्रो सीने एक स्टॉप फ्लोरेन्त्स, तिथल्या बसस्थानकावरून बर्लिनच्या रात्रीच्या बस सुटतात.